गाडी खालून वाजते? धान भरण्याआधी बुश तपासा

भामरागड, एटापल्लीच्या खडकाळ वाटांवर ओझे वाहणाऱ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचे रबरी बुश झिजतात. धानाची पोती भरण्याआधी ते पाहून घ्या.

ओळख : करकर वाजत असेल तर एकेका बुशवर पाणी मारा. ज्यावर मारल्याने आवाज थोडा वेळ थांबतो, दोष त्यात. खड्ड्यात खटखट होत असेल तर चाकांना दगड लावून पाट्याच्या टोकाशी सब्बलीने हलवून पाहा. ढिले किंवा फाटलेले बुश बदला.

उपाय : डिझेल, ग्रीस लावू नका, रबर फुगते. दोन्ही बाजूंचे बुश एकदम बदला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका. बोल्ट शेवटी कसताना गाडी चाकांवर उभी हवी. नाहीतर रबर पिळलेले राहून नवा बुशही लवकर फाटतो.