इंजिनाचा एचपी दुप्पट केला, तर बोट दुप्पट वेगाने धावेल का?

१ जून ते ३१ जुलै या काळात कोकण किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळी विणली जातात आणि इंजिने उघडली जातात. बोट पूर्वीसारखी पळत नाही, अशी तक्रार असलेल्या नाखव्यांसमोर याच वेळी प्रश्न येतो : जुन्या इंजिनाची ताकद वाढवायची का? निर्णय लाखो रुपयांचा असतो. त्यामुळे आधी गणित समजून घ्या.

वेग किती वाढतो?

पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग वाढवण्यासाठी लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा, तर शक्ती सुमारे ३३ टक्के जास्त हवी. एचपी दुप्पट केला, तरी वेग फार तर २६ टक्के वाढतो.

त्यातही बोटीच्या लांबीची मर्यादा आहे. पाण्याला टेकलेली लांबी ३६ फूट असेल, तर व्यवहार्य वेग साधारण ८ नॉट, म्हणजे ताशी १५ किलोमीटरच्या आसपास असतो. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि जादा शक्ती लाट मोठी करण्यात जाते. पाण्यावर घसरत पळणाऱ्या स्पीडबोटींना हा नियम लागू नाही. ट्रॉलरला जाळे ओढताना किंवा समोरच्या वाऱ्यात मात्र जादा ताकदीचा खरा उपयोग होतो.

डिझेल किती लागते?

डिझेल इंजिनाला पूर्ण भारावर प्रत्येक एचपीमागे तासाला सुमारे १९० मिलिलिटर डिझेल लागते. १०० एचपीला तासाला १९ लिटर, २०० एचपीला ३८ लिटर. वाढलेल्या वेगातून तेवढी जास्त मासळी मिळणार आहे का, हा हिशेब नाखव्याने स्वतःच करायचा आहे.

डिझेल पंप ‘वाढवला’ तर?

हा सर्वात स्वस्त वाटणारा उपाय आहे. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त झाले, की ते पूर्ण जळत नाही. काळा धूर येतो, तापमान वाढते, पिस्टन आणि व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. टर्बो बसवल्यास हवा मिळते, पण जुन्या इंजिनाचे पिस्टन, बेअरिंग आणि कूलिंग त्या दाबासाठी बनवलेले असतीलच असे नाही.

फक्त इंजिन बदलून भागते का?

नाही. गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा, कूलिंग, एक्झॉस्ट आणि इंजिनाचा पाया या सगळ्यांना नवा भार पेलावा लागतो. इंजिन जड असेल, तर बोटीचा तोलही बदलतो. शाफ्ट भर समुद्रात तुटला, तर प्रश्न पैशांचा नाही, खलाशांच्या जिवाचा असतो.

पंखा जुळला आहे का, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम ठरलेल्या आकड्यापर्यंत पोहोचत नसेल, तर पंखा इंजिनाला जड आहे किंवा इंजिन थकले आहे. आकडा सहज ओलांडत असेल, तर पंखा हलका आहे.

मग आधी काय करावे?

- तळावरचे शेवाळ आणि कवचाचे जीव खरवडून रंग द्या.
- पंख्याची वाकलेली पाती सरळ करून घ्या.
- नोझल, फिल्टर आणि कॉम्प्रेशन तपासा.
- त्यानंतर वेग आणि आरपीएम पुन्हा मोजा.

अनेकदा हरवलेला वेग इथेच सापडतो. तरीही इंजिन बदलायचेच असेल, तर बोटीच्या नोंदणीत आणि विम्याच्या कागदांत नवी क्षमता नोंदवून घ्या. कागदावर एक आणि बोटीत दुसरे इंजिन असेल, तर अपघातानंतर भरपाई मागताना अडचण येऊ शकते.