गज एक, बोटे आपापली

पाश्चात्त्य वाद्यवृंद प्रथमच पाहणाऱ्याच्या नजरेत एक गोष्ट भरते : पहिल्या व्हायोलिनवाल्यांचे सोळाही गज एकदम खाली येतात, एकदम वर जातात. ही शिस्त आपोआप येत नाही. ती कोणीतरी ठरविलेली व वादकांपुढील पानांवर पेन्सिलीने लिहिलेली असते.

गजाचे मुठीकडील टोक जड असते. तेथून गज खाली ओढला की स्वर जोरकस निघतो. निमुळत्या टोकाकडून वर नेला की हलका सुरू होतो. म्हणून जोरकस मात्रेवर बहुधा खालचा गज घेतात. सतारीच्या 'दा' आणि 'रा' या बोलांत आघाताची दिशा असते, तसाच हा प्रकार. खालच्या गजाची खूण तळ नसलेल्या चौकटीसारखी, वरच्याची इंग्रजी 'व्ही'सारखी. एका गजात अनेक स्वर घ्यावयाचे तर त्यांवर कमान काढतात. संगीतकाराने काढलेली कमान पुष्कळदा एका गजात पुरत नाही; मग ती कोठे तोडावी, हा प्रश्न उभा राहतो.

तो सोडवितो पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख, संचालकाशी विचारविनिमय करून. इतर तंतुवाद्यांचे प्रमुख त्याच्याशी जुळवून घेतात. मोठ्या वृंदात सोळा, चौदा, बारा, दहा व आठ असे साठ तंतुवादक असतात. दोघांत एक पान, म्हणजे तीस प्रती. त्या सर्वांवर खुणा उतरविण्याचे काम बहुधा वृंदाच्या ग्रंथपालाकडे येते. टाळ्या वाजतात त्या वेळी तो रंगमंचावर नसतो.

ही प्रथा जुनी आहे. चौदाव्या लुईच्या दरबारी लुली याने गजांची कडक शिस्त लावली; तिचे नियम गेओर्ग मुफात याने १६९८ साली छापले. उलट, १९१२ साली फिलाडेल्फियाच्या वृंदाची सूत्रे घेणाऱ्या स्टोकोव्स्कीने वादकांना गज मोकळे ठेवू दिले. सर्वांचे गज एकाच क्षणी पालटले नाहीत, की नाद अखंड वाहतो. म्हणजे एकदिशा हा साधनांचा प्रश्न आहे, धर्माचा नव्हे.

बोटांचे मात्र निराळे. तर्जनी १, करंगळी ४, मोकळी तार ०. एकच स्वर दोन-तीन तारांवर सापडतो, आणि प्रत्येकाचा हात लहानमोठा. म्हणून बोटे बहुधा ज्याची त्याने ठरवावीत. एका पानावरील दोघांचे मत निराळे पडले, तर एक आपले आकडे स्वरांच्या वर लिहितो, दुसरा खाली. एखादी ओळ सर्वांत जाड तारेवरच हवी असेल, तेव्हा मात्र तसा हुकूम असतो, कारण तेथे नादाचा रंगच बदलतो.

कामगारांच्या सभांत आयुष्य गेलेल्या आम्हांस या पानाचे अगत्य वाटते ते यासाठी. कोणत्या गोष्टीत सर्वांनी बांधून घ्यावयाचे आणि काय माणसावर सोडावयाचे, हा आमचा रोजचा वाद. येथे रेघ स्वच्छ आहे : ज्याचा परिणाम सर्वांच्या नादावर होतो ते सर्वांचे मिळून, जे आपल्या हाताच्या मापाचे ते आपले. आणि ठरलेलेही पेन्सिलीने लिहावयाचे, कारण उद्याच्या तालमीत ते खोडावे लागेल.