विरजणाचे अर्थशास्त्र

डिसेंबरच्या मध्यास वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर निफाडचे नाव झळकू लागले, की आम्हा नाशिककरांना थंडीची अधिकृत वर्दी मिळते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा किती उतरला हे वाचून आम्ही स्वेटर घालतो, की स्वेटर घालून ते वाचतो, हे सांगणे कठीण आहे. द्राक्षबागाईतदारांच्या दृष्टीने मात्र हा विनोदाचा विषय नव्हे. पारा फार उतरला की घडांची फुगवण थांबते, मणी तडकतात. मग पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटविणे आणि पाणी सोडणे आले. आमच्या वसाहतीत थंडीचे इतके गंभीर परिणाम होत नाहीत. तेथे होते ते एवढेच, की दही लागत नाही.

ही वसाहत म्हणजे १९७८ साली बांधलेल्या दोन तीनमजली इमारती, अठरा बिऱ्हाडे आणि मध्ये एक बदामाचे झाड. मूळ सभासद बहुतेक शिक्षक आणि कारकून. घरे कर्ज काढून घेतलेली. या अठरा स्वयंपाकघरांत पौष महिन्यात एकच तक्रार ऐकू येते. दूध कोमट करून विरजण लावले, भांडे जुन्या शालीत गुंडाळले, कणकेच्या डब्यात ठेवले, तरी सकाळी पाहावे तो दूध जसेच्या तसे. मग नवे विरजण हवे, आणि ते आणायला हातात वाटी घेऊन जिना उतरणे आले. आमच्या इमारतीत ही वाटी बहुधा तळमजल्यावरच्या आजींकडे जाते. आजी निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे, मुलगा परदेशी. त्यांच्याकडचे दही कडाक्याच्या थंडीतही का लागते, हे कोडे माझ्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनाही सुटलेले नाही.

विरजणाची वाटी परत करताना ती रिकामी द्यावयाची नाही, हा संकेत कोणी घालून दिला ते ठाऊक नाही. कधी चार तिळाच्या वड्या, कधी ओल्या तुरीच्या शेंगा, काहीच नसले तर चिमूटभर साखर. भोगीच्या दिवशी तर वाट्यांची इतकी ये-जा होते, की कोणाची भाजी कोणाच्या घरी पोचली याचा हिशेब चित्रगुप्तालाही लागू नये. आणि तो लागू नये, यातच सारे मर्म आहे. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने दानावरचा आपला प्रसिद्ध निबंध १९२५ मध्ये लिहिला. दिलेल्या वस्तूची परतफेड करण्याचे बंधन घेणाऱ्यावर असतेच, असे त्याने दाखविले. ही परतफेड करावयाची, पण ताबडतोब नाही आणि तंतोतंतही नाही. वाटीभर साखर नेणाऱ्याने तासाभरात मोजून वाटीभर साखर आणून दिली, तर ती परतफेड नव्हे. तो संबंध तोडल्याचा निरोप आहे.

आमच्या शास्त्राला हा व्यवहार दिसत नाही. मोलकरणीशी मालकाने लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हे पिगूचे १९२० मधील उदाहरण मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे; मुले हसतात आणि परीक्षेत लिहितात. शेजारची वाटी बंद होऊन दुकानातून दह्याचा डबा आला, की राष्ट्रीय उत्पन्न वाढते, हे त्याच उदाहरणाचे दुसरे टोक. आता तर हा डबा मोबाइलवर बोट टेकविताच दहा-पंधरा मिनिटांत दाराशी येतो. मी स्वतः तो मागवतो. त्यात वेळ वाचतो, कोणाचे मिंधे व्हावे लागत नाही, आणि आजींना त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करण्यात अर्धा तास जात नाही. ग्राहकाचे समाधान म्हणून पुस्तकात जे काही लिहिलेले असते, ते सारे मिळते.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे दही लागले नाही. साडेसहाला त्या वाटी घेऊन खाली गेल्या. आजींच्या दाराशी दुधाची पिशवी तशीच पडलेली, आत दिवा चालू. हाकेला उत्तर नाही. आजींच्या घराची एक किल्ली समोरच्या बिऱ्हाडात खिळ्याला टांगलेली असते, म्हणून दार फोडावे लागले नाही. आजी रात्री न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडलेले, आणि गार फरशीवर चार-पाच तास काढलेले. शेजाऱ्यांच्या गाडीतून रुग्णालयात नेल्यावर डॉक्टर म्हणाले, की आणखी दोन तास तसेच गेले असते तर हाडाचा प्रश्नच उरला नसता. वसाहतीत त्याच वर्षी आम्ही ठराव करून चार कॅमेरे बसविले होते. त्यांनी आजींच्या दारापुढचा निर्मनुष्य जिना रात्रभर इमानाने टिपला होता.

वाटीबरोबर बातमी येत असते, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ. कोणाकडे पाहुणे आहेत, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाचे दार नेहमीच्या वेळी उघडले नाही, हे ज्ञान कोणी मुद्दाम गोळा करीत नाही. ते विरजणाच्या निमित्ताने आपोआप साठते, आणि निमित्त संपले की साठेनासे होते.

या शेजारधर्माचे मी पोवाडे गात नाही. वाटीबरोबर जी बातमी येते तिच्यात चहाडीही असते. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या दोन नोकरदार मुली रात्री किती वाजता येतात, याचीही नोंद याच मार्गाने होत होती, आणि त्या बिचाऱ्या सहा महिन्यांत घर सोडून गेल्या. वाटीचे वर्तुळही लहान असते. फाटकाशी बदामाची पाने पेटवून शेकत बसणाऱ्या आमच्या पहारेकऱ्याच्या घरून विरजणाची वाटी कधी वर आलेली मी पाहिली नाही, आणि आमचीही त्याच्या खोलीकडे गेली नाही. शिवाय हे सारे चालते ते बायकांच्या श्रमावर. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांवर खर्च होणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे भरला, पुरुषांचा ९७. वाटी घेऊन जिना उतरणारा पुरुष मी आमच्या वसाहतीत तरी पाहिलेला नाही. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही.

हे सर्व आता लिहिण्यास कारण असे, की वसाहतीचा पुनर्विकास व्हावयाचा आहे. मी त्याच्या विरोधात नाही. गच्ची गळते, सळया दिसू लागल्या आहेत, आणि आजींना वॉकर घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात; उद्वाहन हवेच. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. आमच्याकडे ती त्याहून पुष्कळ अधिक आहे. सभांतून चर्चा होते ती प्रत्येकाला किती चौरस फूट जादा, बांधकाम चालू असेतो भाडे किती, वाहनतळ कोणाला, यांची. या गोष्टी मोजता येतात, म्हणून त्यांचा करार होतो. अठरा बिऱ्हाडे तीन वर्षे शहरभर पांगणार, आजी कोठे राहणार, आणि परतल्यावर चिठ्ठ्या टाकून सदनिका वाटल्या तर किल्ली कोणाच्या खिळ्याला टांगावयाची, याचा रकाना कराराच्या मसुद्यात नाही.

तो असावा, अशी लेखी सूचना मी केली आहे. बांधकामाच्या काळात ज्यांना जवळजवळ घरे घ्यावयाची असतील त्यांना ती एकाच भागात मिळवून देण्याची जबाबदारी विकासकाने घ्यावी. आणि नव्या इमारतीत चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी ज्या बिऱ्हाडांना एकमेकांशेजारी राहावयाचे आहे त्यांनी तसे जोडीने कळवावे, त्यांची चिठ्ठी एकच धरावी. यात कोणाचे चौरस फूट कमी होत नाहीत. चिटणीसांनी सूचना शांतपणे वाचली आणि 'सर, हे जरा भावनिक होतंय' असे म्हणाले. मी त्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे पाठविले. त्यांच्याशी काय बोलणे झाले ते मला कळले नाही.

आजी आता वॉकरच्या आधाराने स्वयंपाकघरापर्यंत जातात. या वर्षीही त्यांचे दही लागते आहे. सभा रथसप्तमीनंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता बदामाच्या झाडाखाली आहे, आणि माझी सूचना कार्यक्रमपत्रिकेवर 'ऐनवेळी येणारे विषय' या सदरात, सर्वांत शेवटी आहे.