पित्ताशयाचा कर्करोग : दुर्बीण की उघडी शस्त्रक्रिया?

सोनई परिसरातील रुग्ण पित्ताश्मरीच्या शस्त्रक्रियेसाठी अहिल्यानगर, लोणी अथवा पुण्यास जातो आणि परतल्यावर पथ्यापथ्य विचारण्यास आपल्याच वैद्याकडे येतो. दुर्बिणीने झाले, तीन-चार छिद्रेच पडली, हे तो समाधानाने सांगतो. काढलेल्या पित्ताशयाच्या पेशीतपासणीचा अहवाल मात्र क्वचितच सोबत असतो. वैद्यबंधूंनी तो आवर्जून मागावा, असा आमचा आग्रह आहे.

दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. खड्यांसाठी ही पद्धत आज सर्वमान्य आहे. कर्करोगाची गोष्ट निराळी. अनेकदा तो शस्त्रक्रियेपूर्वी लक्षातच येत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसतो. तो आतल्या अस्तरापुरता मर्यादित असून पित्ताशय न फाटता निघाले असेल, तर पद्धत कोणतीही असो, बहुधा तेवढे पुरते. स्नायुस्तरात शिरला असल्यास लगतचा यकृताचा भाग व लसीकाग्रंथीही काढाव्या लागतात. निष्णात हातांनी हेही आता दुर्बिणीने साधते. तथापि पोट उघडून करण्याचा मार्गच अधिक रूढ आहे.

खरा धोका पित्त सांडण्याचा. पित्ताशय फाटल्यास रोगट पेशी उदरात, प्रसंगी छिद्राच्या जागीही रुजतात. म्हणून संशयित पित्ताशय पिशवीत घालूनच बाहेर काढतात, आणि ते सुखरूप सुटणार नाही असे दिसल्यास पोट उघडणे श्रेयस्कर. (दुर्बिणीचे श्रेयही नाकारू नये : रोग उदरावरणात पसरला आहे का, हे आधी पाहता आल्याने निष्फळ मोठा छेद टळतो.) शेष राहिलेले अर्बुद पुन्हा वाढते, असे सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात बजावलेच आहे.

औषधविक्रेत्या बंधूंसही एक विनंती. हा रोग स्त्रियांत अधिक आढळतो. उतारवयातील स्त्री डोळे पिवळे, अंगास खाज, वजनात घट अशी तक्रार घेऊन काविळीचे औषध मागू लागल्यास, पोट दुखत नसले तरी, प्रथम सोनोग्राफी सुचवावी. आरोग्यवर्धिनीची मात्रा नंतर ठरेल. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड किंवा १० मिलिमीटरहून मोठा मांसांकुर आढळल्यास ती बाब शस्त्रक्रियेपूर्वीच शल्यचिकित्सकाच्या कानी घालावी.

अहवालात कर्करोग स्नायुस्तरात वा त्यापलीकडे गेल्याचा उल्लेख असल्यास विलंब न करता रुग्णास मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्राकडे पाठवावे. सोबत शस्त्रक्रियेची टिपणे, पेशीतपासणीच्या काचपट्ट्या व ब्लॉक द्यावेत. ते मूळ प्रयोगशाळेतून मागून घ्यावे लागतात.