नाक चोंदलं म्हणून झोपेत श्वास अडकतो का?

'अ आणि ब यांच्यातील संबंध अभ्यासणे.' सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य तुम्ही लिहिलं असेल किंवा लवकरच लिहाल. माझ्या पहिल्या मसुद्यातही ते होतं. कमिटीतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, "संबंध म्हणजे नेमकं काय मोजणार?" मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न मी आता प्रत्येक पेपरला विचारतो. आज तो विचारूया नाकाची ॲलर्जी आणि स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, या जोडीबद्दल.

विषय निवडायचं कारण सोपं आहे. सकाळी उठल्या उठल्या दहा शिंका, रात्री नाक बंद, तोंड उघडं ठेवून झोप आणि दिवसभर जांभया, हे वर्णन लागू पडणारं कुणीतरी तुमच्या घरात किंवा होस्टेलच्या खोलीत नक्की असेल. अशा माणसाला काय सांगायचं? 'नाकात स्प्रे मार, घोरणं थांबेल' की 'आधी स्लीप स्टडी करून घे'? चुकीचा सल्ला दिला तर रात्रीत तीसतीस वेळा ऑक्सिजन खाली जाणारा माणूस वर्षभर नुसता स्प्रे मारत बसेल.

आधी यंत्रणा बघू. शहाळ्याचं पाणी कागदी स्ट्रॉने प्यायला आहात ना? स्ट्रॉ भिजून मऊ झाली आणि तिचं पाण्यातलं टोक मलईत अडकलं की काय होतं? तुम्ही जोर लावून ओढता आणि स्ट्रॉ मधेच चपटी होते. आणखी जोर लावला तर आणखी चपटी. आपला श्वासमार्ग साधारण असाच आहे. नाक म्हणजे हाडाकूर्चेचा टणक भाग, आणि त्याच्यामागे घसा, ज्याला आधार देणारं हाड जवळजवळ नाही. तो स्नायूंच्या ताणावर उघडा राहतो. झोपेत हा ताण सैल पडतो. श्वासमार्गातल्या एकूण अडथळ्याचा निम्म्याहून जास्त वाटा एकट्या नाकाचा असतो. ॲलर्जीने नाकाचं अस्तर सुजलं की श्वास ओढताना घशात जास्त उणा दाब तयार होतो आणि मऊ भिंती आत ओढल्या जातात. त्यात आडवं झाल्यावर नाक आणखी चोंदतं. मग तोंड उघडतं, खालचा जबडा मागे सरकतो, जीभही मागे जाते आणि घशातली जागा आणखी कमी होते.

इथे थांबा, कारण बहुतेक जण इथेच 'म्हणजे ॲलर्जीमुळे ॲप्निया होतो' असं लिहून मोकळे होतात. स्ट्रॉकडे परत बघा. टोक बंद झालं तरी ती चपटी होईल की नाही, हे तिच्या मधल्या भागाच्या कडकपणावर ठरतं. प्लास्टिकची असेल तर नाही होणार. म्हणजे ज्याचा घसा मुळात भक्कम आहे त्याचं नाक बंद झालं तरी श्वास अडकेलच असं नाही. आणि ज्याचा घसा फारच ढिला आहे, त्याचं नाक पूर्ण मोकळं केलं तरी तो अडकेल.

आता पेपर वाचूया. १९८२ मध्ये मॅकनिकोलस आणि सहकाऱ्यांनी हंगामी ॲलर्जीचे सात रुग्ण घेतले आणि त्यांची झोप दोनदा मोजली: नाक बंद असताना आणि हंगाम सरल्यावर. नाक बंद असताना श्वासाचे अडथळे जास्त वेळा आले आणि जास्त लांबले. सातच माणसं? हो. पण तुलना कुणाशी आहे ते बघा. त्याच माणसाची त्याच माणसाशी. वजन, मानेचा घेर, जबड्याची ठेवण सगळं तेच, बदललं फक्त नाक. म्हणून हा छोटा पेपर मला मोठ्या सर्वेक्षणांइतकाच मोलाचा वाटतो. (आपल्याकडे हे डिझाइन जसंच्या तसं उचलणं अवघड आहे. धुळीतल्या माइटची ॲलर्जी असलेल्याला 'हंगाम सरला' असं म्हणायची सोय नसते.)

मग १९९७ चा विस्कॉन्सिनचा अभ्यास. टेरी यंग यांच्या गटाने ४,९२७ जणांना प्रश्नावली दिली आणि त्यातल्या ९११ जणांची प्रयोगशाळेत मोजणी केली. ॲलर्जीमुळे नाक चोंदतं असं सांगणाऱ्यांमध्ये मध्यम ते तीव्र श्वासविकार असण्याची शक्यता १.८ पट निघाली. हा आकडा सगळे उद्धृत करतात. पण त्याच पेपरमध्ये असंही आहे की नाकातून हवा जितकी कमी तितका आजार तीव्र, असं सरळ नातं दिसलं नाही. स्ट्रॉचं उदाहरण लक्षात असेल तर या दोन गोष्टींत विसंगती वाटणार नाही. रिव्ह्यू लिहिताना मात्र दुसरं वाक्य हमखास गळतं. तुम्ही गाळू नका.

आता खरी कसोटी: नाक मोकळं केलं तर ॲप्निया कमी होतो का? यासाठी एएचआय हा आकडा माहीत हवा. तासाभरात श्वास किती वेळा थांबला किंवा लक्षणीय कमी झाला, त्याची ती मोजणी. मोठ्यांमध्ये ५ पासून सौम्य, १५ पासून मध्यम, ३० पासून तीव्र. २००४ मध्ये कीली आणि सहकाऱ्यांनी नाकाचा त्रास असलेल्या घोरणाऱ्यांना चार आठवडे स्टेरॉइड स्प्रे आणि चार आठवडे खोटा स्प्रे दिला. ॲप्निया असलेल्या १३ जणांचा मध्यक एएचआय खोट्या स्प्रेवर ३०.३ होता आणि खऱ्यावर २३.३. फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय! पण २३ म्हणजे अजूनही मध्यम आजारच की. घोरण्याचा आवाजही बदलला नाही. २००८ मध्ये कुत्सुरेलाकिस यांच्या गटाने तर वाकड्या पडद्याची खरी शस्त्रक्रिया आणि नुसतं नाटक अशी तुलना केली; गटाच्या पातळीवर एएचआयमध्ये लक्षणीय फरक पडला नाही.

म्हणजे नाकाचे उपचार फुकट? मुळीच नाही. नाक मोकळं झालं की झोप बरी लागते, सकाळी ताजंतवानं वाटतं, आणि सीपॅपचं मशीन वापरणं सुसह्य होतं. त्याची हवा बहुतेकदा नाकावरच्या मास्कमधून जाते. नाक बंद असेल तर माणूस दोन रात्रींत मशीन कपाटात ठेवून देतो. फक्त हे सगळे वेगवेगळे परिणाम आहेत आणि ते एएचआयमध्ये दिसतीलच असं नाही.

माझ्या मते गोंधळाचं मूळ इथेच आहे. 'ॲलर्जीवाल्यांत ॲप्निया जास्त दिसतो का', 'ॲलर्जीने ॲप्निया वाढतो का' आणि 'ॲलर्जी बरी केली तर ॲप्निया बरा होतो का' हे तीन प्रश्न आहेत. तिघांना डिझाइन वेगळं लागतं. आपण तिन्हींना 'संबंध' म्हणतो आणि पहिल्याचा डेटा देऊन तिसऱ्याचा निष्कर्ष काढतो.

पहिला प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. समजा, तुम्ही कान-नाक-घसा ओपीडीत बसून ॲलर्जीचे शंभर रुग्ण घेतले. साध्या शिंकांवाला मेडिकलमधून गोळी घेऊन घरीच बसतो. ज्याच्या घोरण्याने घरच्यांची झोप उडाली आहे, त्याला मात्र बायको हाताला धरून ओपीडीत आणते. तुमच्या शंभरांत दोन्ही त्रास असलेले आपोआप जास्त येणार. हाच बर्कसन बायस. शिवाय दिवसा झोप येते का हे एपवर्थ प्रश्नावलीने विचारणार असाल, तर आधी कोणती गोळी चालू आहे ते विचारा. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी तशीही पेंग येते, आणि तुम्ही ती ॲप्नियाच्या खात्यात लिहाल.

आणि नाकाचा अडथळा यंत्राने मोजणार असाल तर खुर्चीत बसवून मोजू नका. झोप आडवी लागते. माणसाला उताणा झोपवा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग मोजा. बसल्याचा आकडाही घ्या. दोन्हींतला फरक तुमच्या हाती असलेला सगळ्यात कामाचा आकडा ठरू शकतो.