खाजकुहिलीच्या बियांत दडलेले औषध

रानात आणि कुंपणावर चढलेल्या खाजकुहिलीच्या वेलाला सहसा कोणी हात लावत नाही. शेंगांवरची लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते. या शेंगांतील बिया म्हणजे कवचबीज. वैजापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही काष्ठौषधींच्या दुकानात त्यांची पूड मिळू शकते. ती बहुधा शक्तिवर्धक म्हणून घेतली जाते. कंपवातावरील मुख्य औषधच या बियांत आहे, याची कल्पना घेणाऱ्याला क्वचितच असते.

कंपवातात, म्हणजेच पार्किन्सन्सच्या विकारात, मेंदूतील डोपामाइन बनवणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हात थरथरतो, चाल मंदावते, अंग ताठरते. डोपामाइन बाहेरून देऊन उपयोग होत नाही, कारण रक्तातून ते मेंदूत शिरू शकत नाही. लिव्होडोपा मात्र शिरते आणि तेथे त्याचे डोपामाइन होते. डोपाच्या मोठ्या मात्रेचा गुण अमेरिकेत जॉर्ज कोट्झिआस यांनी १९६७ मध्ये दाखवला. त्याच्या तीस वर्षे आधी, १९३७ मध्ये, मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी हेच द्रव्य खाजकुहिलीच्या बियांतून वेगळे केले होते. पण त्याचा कंपवाताशी असलेला संबंध तेव्हा कोणाला माहीत नव्हता!

मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पूड कंपवाताच्या रुग्णांना देऊन पाहिली. त्यांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९५ मध्ये याच बियांपासून केलेल्या औषधाची ६० रुग्णांवरील बारा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांवर झालेल्या तुलनेत ३० ग्रॅम पुडीचा गुण सुमारे ३५ मिनिटांत दिसू लागला, तर नेहमीच्या गोळीला ६८ मिनिटे लागली. हळदीतील कुर्क्युमिनची अल्झायमरसाठी बरीच चर्चा झाली. परंतु ते रक्तात फारच थोडे उतरते आणि २०१२ च्या अमेरिकी चाचणीत त्याचा लाभ आढळला नाही. त्या मानाने कवचबीजाची बाजू भक्कम आहे.

तरीही ही पूड रोज घेणे वाटते तितके सोपे नाही. बोलिव्हियातील रुग्णांवरील २०१८ च्या अभ्यासात १४ पैकी सात जणांना सोळा आठवडे पूर्ण होण्याआधीच पूड सोडावी लागली. कोणाला पोटाचा त्रास झाला, कोणाच्या हालचाली अधिक बिघडल्या. गोळीत लिव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असते. ते औषधाचे मेंदूबाहेरच डोपामाइन होऊ देत नाही, त्यामुळे मळमळ कमी होते. पुडीत ही सोय नाही. शिवाय बियांतील लिव्होडोपाचे प्रमाण सारखे नसते. चमचा तोच, मात्रा वेगळी!

पूड असो वा गोळी, पेशींचा ऱ्हास त्याने थांबतो असे सिद्ध झालेले नाही. आराम मिळतो तो लक्षणांना. चालू गोळ्यांवर पुडीची भर पडली, तर अंगाला अनावर झटके येऊ शकतात. पुडीच्या भरवशावर गोळ्या एकदम बंद केल्यास तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. डॉक्टरांनी चालू औषधे विचारली की रुग्ण गोळ्यांची नावे सांगतो. पूड मात्र ‘साधे चूर्ण’ म्हणून त्या यादीतून वगळली जाते.