रियाल घेताना पावती मागा

गेल्या हिवाळ्यात अम्मी आणि खालाजान उमराहला निघाल्या. आम्ही राहतो शीळफाट्याला. कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेलकडचे रस्ते मिळतात तिथे. ओळखीतले एक गृहस्थ घरी येऊन म्हणाले, "2,000 रियालचे 51 हजार द्या. कमिशन नाही. पैसे आज द्या, रियाल परवा पोचवतो." पावतीचे विचारले तर हसले.

अम्मी डब्यातून नोटा काढायला निघाल्याही होत्या. मी म्हटले, आधी हिशेब करू.

हिशेब सोपा आहे. 1986 पासून सौदी रियाल डॉलरला बांधलेला आहे: एक डॉलर म्हणजे 3.75 रियाल. त्या दिवशी डॉलर 90 रुपयांच्या आसपास होता. 90 ला 3.75 ने भागा, 24 येतात. गृहस्थ मागत होते साडेपंचवीस. म्हणजे कमिशन नव्हतेच, पण प्रत्येक रियालमागे दीड रुपया होता! 2,000 रियालवर 3,000 रुपये.

दुसरी गोष्ट अम्मींनाच खटकली. चलनाच्या अदलाबदलीला फिक्हमध्ये 'सर्फ' म्हणतात. त्याची शर्त अशी की दोन्ही रकमा त्याच बैठकीत हातोहात दिल्या-घेतल्या जाव्यात. आज रुपये आणि परवा रियाल, हे त्यात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड घेऊन आम्ही ठाण्याला रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडे गेलो. दर मिळाला 24.60. 49,200 रुपये आणि वर जीएसटीचे 89. सुमारे 1,700 रुपये वाचले आणि हातात पक्की पावती आली. परकीय चलन घेताना रोख रुपये 50 हजारांपर्यंतच देता येतात. रक्कम त्याहून जास्त असेल तर ती सगळीच चेकने किंवा बँकेतून द्यावी लागते. त्या गृहस्थांना 51 हजार रोख हवे होते, ते का, हे आपण समजून घ्या.

आमच्या आजोबांच्या पिढीत ही भानगड वेगळी होती. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी 10 आणि 100 रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या, क्रमांकाआधी 'एचए' अक्षरे असलेल्या. भारताबाहेर चालायच्या, इथल्या बाजारात नाही.

काउंटरवरच्या मुलाने 500 रियालच्या चार नोटा पुढे केल्या. त्या परत करून आम्ही 5, 10 आणि 50 च्या मागून घेतल्या. मक्केत चहा-पाण्याला आणि टॅक्सीला मोठी नोट कोण मोडून देणार? नोटा दोघींच्या पर्समध्ये वाटून ठेवल्या. भारतीय रुपये मात्र माणशी 25 हजारांपर्यंतच बाहेर नेता येतात.

परत आल्यावर उरलेले चलन 2,000 डॉलरच्या किमतीपर्यंत घरी ठेवता येते. त्यावरचे 180 दिवसांत परत करायचे. तेव्हा खरेदीची पावती जवळ असलेली बरी. परतीचा दर विकत घेतानाच्या दरापेक्षा कमीच मिळतो, म्हणून गरजेपुरतेच घ्यावे.

खालाजानकडे 140 रियाल आणि मूठभर नाणी उरली. नाणी मुलांनी वाटून घेतली. नोटा आणि पावती कपाटातल्या एकाच लिफाफ्यात आहेत, हजचा नंबर लागेपर्यंत.